‘टाके निघाले म्हणजे माणूस बरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डोक्याचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरच्यांसाठी म्हणून सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. टाके निघाले, स्कॅन नॉर्मल आला की माणूस बरा. पुढची चिडचिड ही नाटकं. गोळ्यांनी सुन्न होतो, बंद करा. चार माणसांत मिसळू द्या. सहा महिन्यांत सुधारलं तेवढंच.

स्कॅनचं आधी बघू. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, मोडलेलं हाड दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले, तुटले तर बहुधा दिसत नाहीत. गाडीवरून पडल्यावर मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो, आणि राग आवरणं, कामाला हात घालणं हे त्याच भागाचं काम.

मग नाटकं कसली? भिंतीकडे बघत बसणाऱ्याला ‘आंघोळ कर’ म्हटलं तर तो हलत नाही. ‘टॉवेल घे’ म्हटलं तर घेतो. सुरुवात करून देणारी कळच दुखावलेली असते. नैराश्य वेगळं: त्यात झोप-भूक जाते, ‘जगून काय करू’ निघतं. कारण नसताना रडू किंवा हसू फुटणं हे तिसरंच. तिघांचे उपचार वेगळे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. नैराश्याच्या गोळीचा पुरता गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधीच ती सोडून देणारे असतात.

गोळ्यांबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच घातक. फिट येऊ नये म्हणून देतात त्या लेव्हेटिरासेटामने काहींचा स्वभाव खरंच भडकतो, उदासी येते. पण ती एकदम तोडली तर फिटवर फिट येऊ शकते. ‘ही सुरू झाल्यापासून असा वागतोय, दुसरी चालेल का?’ एवढं सर्जनना त्याच दिवशी विचारा. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन झोप उडवतं. शेवटचा डोस दुपारीच देता येईल का, हेही विचारा. तेही डॉक्टर सांगतील तसं उतरवतच बंद करायचं. शिवाय रक्तातलं सोडियम आणि थायरॉइड, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं तपासायला हवीत का, हा प्रश्न राहून जातो. मे महिन्यात इथे सुस्ती आणि बरळणं ‘ऊन लागलं’वर ढकललं जातं, आणि सोडियम उतरलेलं कळतच नाही.

माणसांत मिसळू द्या, पण गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत नव्हे. दुखावलेल्या मेंदूला नको तो आवाज बाजूला सारता येत नाही. एका वेळी दोन पाहुणे, वीस मिनिटं, टीव्ही बंद. एक वही ठेवा: ‘सायं. ७.१५, ताट भिरकावलं. आधी: पाहुणे चार, टीव्ही चालू, दुपारी झोप नाही.’ आठवडाभरात भडका कशाने उडतो ते घरच्यांनाच दिसू लागतं. डॉक्टरांनाही ‘फार चिडतो हो’पेक्षा ही वही जास्त सांगते. फिटचा धोका असेल तर यंत्रमागावर आणि गाडीवर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बसवू नका.

सहा महिन्यांचं म्हणाल तर पहिल्या सहांत वेग जास्त असतो, एवढंच खरं. पुढे दोन वर्षं आणि नंतरही सुधारणा होत राहते. अमेरिकेतल्या फिनियस गेजच्या डोक्यातून १८४८ मध्ये लोखंडी पहार आरपार गेली, स्वभाव पालटला. तरी पुढे चिलीत त्याने काही वर्षं घोडागाडी हाकली. उलट उदासी कधीकधी उशिरा वाढते, कारण आपलं काय गेलं हे माणसाला तेव्हा कुठे कळू लागतं.

डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा, जखमेतून पाणी किंवा ताप: यात थांबायचं नाही, लगेच सिव्हिल हॉस्पिटलची किंवा जवळची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा. कवटीत रक्त काही आठवड्यांनीही हळूहळू साचू शकतं. जीव देण्याची भाषा निघाली तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशक कुलुपात ठेवा, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.