उघड्या टपाची गाडी कायले घेतली?

गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मला कुठे कुठे विचारला गेला! मोर्शीच्या पेट्रोल पंपावर, वरूडच्या बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये. काल एका साक्षगंधात पंगतीत बसलो होतो. शेजारच्या मामांनी विचारलं, तेवढ्यात वाढपी बुंदी घेऊन आला आणि उत्तर राहून गेलं. रात्री घरी आल्यावरही ते डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहायला बसलो. लांबलंय, पण वेळ काढून वाचा.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. आपल्याच देशात, गोव्यात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. १९९८ च्या सुमारास ती बाजारात आली. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. कापडी टप मागे दुमडला की डोक्यावर फक्त आभाळ. रस्त्यावर अशा गाड्या फार थोड्या उरल्या आहेत. मी ती पुण्याहून घेतली, तिच्या आधीच्या मालकाने जिवापाड सांभाळलेली. दोन दिवस चालवत गावात आणली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पारावरची पोट्टी धावत आली आणि पहिलाच प्रश्न आला, "सर, हिचा टप कुठी उडाला?"

बाबा ओट्यावर बसले होते. उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात ठेवला, दार किती हलकं आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "दोनच सीटा? माणसं कुठी बसतीन? पोतं कुठी ठेवशीन?" मग आत निघून गेले. चार महिने ते त्या गाडीत बसले नाहीत.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे वेग. माझ्या गाडीला वेगाचं काही विशेष नाही. आज कुठलीही मोठी एसयूव्ही तिला सरळ रस्त्यावर मागे टाकेल. या गाडीचं सारं सुख तिच्या हलकेपणात आहे. वजन एखाद्या लहान हॅचबॅकएवढं, म्हणजे आजच्या मोठ्या एसयूव्हीच्या निम्म्याहूनही कमी.

आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट नवी नाही. माझ्या आजोबांकडे दोन गाड्या होत्या, एक बंडी आणि एक दमणी. बंडी कापसाची, शेणखताची, कडब्याची. दमणी फक्त माणसांना बसायला, लहान, हलकी. तिचे बैलही वेगळे, उंचीने कमी पण चपळ. आजोबा दमणी जुंपायचे ती पाव्हण्याच्या गावाला जाताना, नाहीतर आजीला माहेरी सोडताना. दमणीत पोतं का मावत नाही, असं त्यांना कोणी विचारत नसे. आणि शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, ज्यांनी पाहिलाय त्यांना तर हलकेपणाचं महत्त्व मी सांगायला नको. तळेगाव दशासरच्या पटात जी छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, धावते, तिच्यात जास्तीचं एक लाकूड नसतं. धुरकरी, म्हणजे हाकणारा, तिच्यावर कसाबसा टेकलेला असतो. मधली कित्येक वर्षं बंदीमुळे पट थांबले होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा आमच्या भागात लोकांना किती आनंद झाला होता, ते मी पाहिलंय. जो माणूस पटाची छकडी पाहून हरखतो, त्याला माझी गाडी समजायला हवी. तीच विद्या आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना सांगतो की गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. मुलं पाठ करतात. मला ते खरं कळलं चिखलदऱ्याच्या घाटात. पायथ्याचा परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या खाली, चिखलदरा अकराशेच्या वर. उतरताना ती सातशे मीटरांची सगळी स्थितिज ऊर्जा, जीही वस्तुमानाबरोबर वाढते, कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती जिरते इंजिनच्या ओढीत आणि ब्रेकच्या उष्णतेत. दोन टनांची गाडी असेल तर पायथ्याशी येईपर्यंत चाकांपाशी करपल्याचा वास येतो. माझी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत उतरते. ब्रेकला पाय लागतो तो वळणाआधी, तोही अलगद. वळणात शिरताना मोठी गाडी आधी एका बाजूला कलते, मग वळते. ही कलतच नाही म्हटलं तरी चालेल. बसायची जागा जमिनीला इतकी लगत आहे की वळणाचा उतार कमरेला कळतो आणि डांबराचा पोत स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो.

आणि ६० हॉर्सपॉवर पूर्ण वापरता येतात. दोनशे हॉर्सपॉवरची गाडी घेतलेला माणूस मोर्शी-वरूड रस्त्यावर त्यातली पाव तरी ताकद कधी वापरतो का? मी माझ्या गाडीची सगळी ताकद रोज वापरतो. चढावर तिसरा गिअर, इंजिनचा आवाज चढत जातो, आता बदल म्हणून कानाला सांगतो, आणि काटा पाहावा तर वेग साठ-पासष्ट. कायद्यात बसणारा, समोरून बंडी आली तर आरामात थांबता येईल असा. एवढ्या वेगात एवढं समाधान देणारं दुसरं चारचाकी वाहन मी चालवलेलं नाही.

ही कल्पना मुळात ज्यांनी टोकाला नेली, त्यांच्याबद्दल थोडं. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने लोटस कंपनी काढली ती याच एका विश्वासावर, की ताकद वाढवण्याआधी वजन कमी करावं. १९६२ ची त्यांची एलान फायबरग्लासची होती. टप काढला की गाडीचं अंग ढिलं पडतं, चौकट पिळते, म्हणून त्यांनी एलानच्या मधोमध कण्यासारखी एक पोलादी चौकट घातली आणि सारा भार तिच्यावर घेतला. पुढे अशा गाड्या एकेक करून बंद पडत गेल्या. एमजीबीसारखी लोकप्रिय गाडीसुद्धा १९८० ला थांबली. लोकांना वाटलं हा प्रकार संपला. मग १९८९ मध्ये जपानच्या माझदाने एमएक्स-५ आणली. लहान, हलकी, दोन सीटची, उघडी. २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. म्हणजे जगात दहा लाख वेळा कोणीतरी घरच्यांना समजावलं असेल की होय, दोनच सीट आहेत. ती गाडी आपल्याकडे कधी विकायला आली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि म्हणूनच गोव्यात कोणीतरी हे धाडस केलं होतं, याचं फार मोल वाटतं.

पण हे झालं हलकेपणाचं. टप उघडण्याचं सुख वेगळंच आहे आणि ते पुण्या-मुंबईत कळणार नाही. सिग्नलला बसच्या धुराखाली उभं राहून काय कळणार? ते आमच्याकडे कळतं.

फेब्रुवारीत या. मोर्शी ते वरूड हा पट्टा संत्र्याचा. जगाला नागपूरचं संत्रं म्हणून माहीत असलेलं कितीतरी फळ इथल्या झाडांवर पिकतं. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. पहाटे टप उघडा ठेवून निघालं की गाव सुटल्याबरोबर तो वास अंगावर येतो. गोड, थोडा कडवट, ओलसर. बागेपाशी दाट, मध्ये हरभऱ्याचं वावर आलं की विरळ, पुढच्या बागेपाशी पुन्हा दाट. नाल्याच्या उतारात गाडी उतरली की हवा एकदम गार होते, चढली की कोमट. काच बंद करून एसीत बसलेल्या माणसासाठी हा सगळा रस्ता एकच असतो.

त्या पहिल्या वर्षी याच दिवसांत बाबा एका पहाटे स्वतःहून गाडीपाशी येऊन उभे राहिले. डोक्याला दुपट्टा बांधलेला, अंगात स्वेटर. म्हणाले, "चाल, सिंभोऱ्यापर्यंत जाऊन येऊ." अप्पर वर्धा धरण आमच्यापासून जवळच आहे. त्यांना आत बसायला हात द्यावा लागला. बसल्यावर मी दोन्ही काचा वर केल्या आणि हीटरची हवा पायाकडे सोडली. ही युक्ती उघडी गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असते. पाय गरम, डोकं गार, आणि वारा डोक्यावरून निघून जातो.

गाव सुटलं तसे बाबा बोलू लागले. "हा बहार फुटला आता. कालपर्यंत नव्हता." पुढे गेल्यावर, "इथं पाणी सोडलं राती." बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडून जमीन सुकवायची आणि मग वेळ साधून पाणी द्यायचं. सुकलेल्या काळ्या मातीवर पाणी पडल्याचा वास त्यांनी पन्नास-साठच्या वेगात ओळखला. कोणाच्या बागेत ताण कमी पडला, कोणी घाई केली, कोणाच्या झाडांवर डिंक्या रोग आहे, हे सगळं ते सांगत होते. काही वासाने, काही नजरेने. मी सहा एकर संत्रा करतो, पण त्या अर्ध्या तासात जे शिकलो ते मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही. हेच बाबा भावाच्या मोठ्या गाडीत बसतात तेव्हा अमरावती येईपर्यंत झोपलेले असतात.

धरणाच्या भिंतीजवळ गाडी थांबवली. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग बोनेटवर थाप मारून म्हणाले, "हे त दमणीच होय."

तेव्हापासून टप उघडायचा की नाही हे तेच ठरवतात.

अडचणी आहेत. गाडी खालून ठेंगणी आहे आणि आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. एका गावाबाहेर गावकऱ्यांनीच रातोरात केलेल्या गतिरोधकावर माझ्या गाडीचा पुढचा ओठ तडकला. मी फार खचलो होतो. पण फायबरग्लासचं हे बरं असतं, ना डेंट ना गंज. फवारणीच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने रेझिन आणि काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर देऊन, घासून, दोन दिवसांत तो असा जोडला की सांगितल्याशिवाय दिसत नाही. पैसे घ्यायला तयार नव्हता. एक चक्कर मागितली, ती दिली आणि पैसेही दिले.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दिवसा ही गाडी शेडमधून निघत नाही. निघते पहाटे पाचला, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. उन्हाळ्यातल्या रात्री वाळलेल्या गवताचा आणि कडुनिंबाच्या मोहराचा वास, वर चांदण्या. घाटाकडे गेलं तर मार्च-एप्रिलमध्ये मोह. पावसाळ्यात एकदा घाटातल्या मोथा गावाच्या अलीकडे सरीने गाठलं, टप ओढेपर्यंत आम्ही दोघंही चिंब. बायकोने तिथल्या टपरीवर चुलीपाशी बसून चहा घेतला आणि म्हणाली, परत जाताना उघडाच ठेव. खाली ऊन होतं. साग संपून वरची गार हवा सुरू होते तिथे चार-पाच अंशांचा फरक पडतो, तो अंगाला कळायला ती गाडीच हवी.

समृद्धी महामार्गावर मी एकदाच नेली. रस्ता उत्तम आहे, नागपूरला लवकर पोचवतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे वारा कानात गर्जत राहतो, वळण नाही, वास नाही, ओळखीचा माणूस नाही. आता नागपूरला जायचं असलं तर मी वरूड, काटोल असा जातो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते, आणि तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. बाहेरचे काही मित्र म्हणतात, विदर्भात शेतकऱ्याची ही अवस्था असताना असली चैन शोभते का? माझी गाडी नव्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी स्वस्तात आली, हे एक. दुसरं असं की आमचं दुःख आम्हाला माहीत आहे. गळ झालेली बाग मी पाहिली आहे, भाव पडलेलं वर्ष काढलं आहे, शेजारच्या घरातलं रडणं ऐकलं आहे. पण वऱ्हाड म्हणजे फक्त ते नव्हे. इथे पोळ्याला बैल सजतात, पटात छकड्या धावतात, आजोबांकडे दमणी होती. आनंदाने एखादं वाहन हाकणं ही आमच्याकडची जुनी गोष्ट आहे आणि ती आम्ही सोडावी असं मला वाटत नाही.

आणि या गाडीमुळे मी लोकांपासून तुटलो नाही, उलट झालं. बंद काचेच्या गाडीला कोणी हाक मारत नाही. माझ्याशी वावरातून लोक बोलतात. "सर, पऱ्हाटीवर काय मारू?" म्हणजे कपाशीवर कोणतं औषध फवारू. एक आजी रस्त्याच्या कडेला डोक्यावर भारा घेऊन उभी होती. "कोन गावचा रे बाबू? हे का गाडी होय?" भारा मागच्या जागेत कसाबसा बसवला आणि तिला घरी सोडलं. गावात शिरताना तिने पदर नीट केला आणि ओळखीच्या प्रत्येकाला हात दाखवला.

तर मामा, पंगतीत राहिलेलं उत्तर हे.

अंबिया अजून दहा-बारा दिवस तरी वास देईल. उद्या पहाटे बाबांना पुन्हा सिंभोऱ्याला जायचंय. परवा सीट रिकामी आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेपाचला पारापाशी यावं. दुपट्टा आणा, एकालाच बसता येईल.