आधी हवा तपासा, मग खर्च करा

ई-सायकलला हादरे बसतात म्हणून थेट नवा सस्पेन्शन फोर्क (पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा चिमटा) घ्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला घाईचा वाटला. माझ्या सायकलची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर) मागच्या चाकात आहे. ते वजन खड्ड्यात चाकाबरोबरच आपटतं, त्यामुळे दणका मागून बसतो. पुढचा फोर्क त्याला काय करणार?

पंक्चरवाले काका टायर अंगठ्याने दाबून 'टाइट्ट' भरायचे. घरी गेजवर हवा मोजली तर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप)! टायरच्या कडेला ४० ते ६५ छापलंय. माझं वजन ७४ किलो, म्हणून मागे ४५, पुढे ४० ठेवली. कर्वे रोडवर पहिल्याच दिवशी फरक कळला. टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या (माझ्या ४०) खाली मात्र जाऊ नका, खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं (अनुभव आहे!).

नंतर स्प्रिंगवाला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) टाकला. जुन्या पोस्टच्या खालच्या टोकाला त्याच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा (उदा. २७.२) बहुतेक वेळा कोरलेला असतो, तो बघूनच घ्या. मी अंदाजाने आणला आणि परत करायला दोन हेलपाटे पडले. सीटवरचं जेलचं कव्हर? पंधरा मिनिटं गादी, मग नुसती घसरगुंडी. बॅटरीचा खडखड जुन्या ट्यूबच्या तुकड्याने फुकटात थांबला.