शेपटीवाला गणपती

आज सकाळी माझ्या सायकसच्या, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाच्या, कुंडीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) उगवलेला दिसला. मी सांबार पेरला नव्हता. (मी पेरला असता तर तो आलाच नसता, ते जाऊ द्या.) शेजारच्या काकू कौतुक ऐकायला फाटकात उभ्याच होत्या.

"पाहा बापू, कसा टरारून आला! तुमची कुंडी कवाची रिकामी पडून होती. मीच धने रगडून टाकले."

"काकू, ती रिकामी नव्हती. बिया होत्या त्यात."

"बिया कायच्या? सुपाऱ्या होत्या पाच. अर्ध्या मातीत, अर्ध्या बाहेर. मी म्हटलं, पोरायनं खुपसल्या असतीन."

अर्ध्या बाहेर होत्या, कारण सायकसची बी तशीच पेरतात, आडवी आणि अर्धी उघडी. खोल गाडून वर पाणी मारत राहिलं की सडते. त्याआधी वरचा नारंगी गर भिजवून, हातमोजे घालून खरवडावा लागतो, कारण गर काय नि बी काय, सगळंच विषारी. आमच्या काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून मी निम्मी रेती मिसळली होती. आजचा रेतीचा भाव पाहता त्या कुंडीला कुलूपच लावायला हवं होतं.

"मग कुठे आहेत त्या?"

"देवाले लागल्या ना! मागच्या पुनवेले सत्यनारायण नव्हता का आमच्याकडे? ऐन टायमाले सुपाऱ्या कमी पडल्या. एकीचा गणपती मांडला, चार इड्यावर ठेवल्या. तुम्ही पाया पडून गेले की!"

पडलो होतो खरा. प्रसादही दोनदा घेतला होता.

"एकीले मात्र खालून शेपूट फुटलं होतं, बोटभर. आता शेपटीवाला गणपती कसा मांडू, तुम्हीच सांगा. मोडून टाकलं मी ते."

ते शेपूट म्हणजे मूळ हो! सायकसची बी महिनोन्‌महिने दगडासारखी पडून राहते, मग आधी मूळ खाली जातं, आणि पान त्यानंतर केव्हातरी सवडीने वर येतं. मी वेडा नाही याचा गावात तेवढा एकच पुरावा होता.

"मंग पूजा झाल्यावर शिरवल्या विहिरीत. पण काही म्हणा बापू, सुपाऱ्या वजनदार होत्या. एक नाही तरंगली. गपागप तळाशी!"

बी पाण्यात टाकायची, तरंगली तर बहुधा पोकळ, बुडाली तर चांगली, अशी सायकसच्या बियांची परीक्षा असते. म्हणजे काकूंनी माझ्या पाचही बियांची रीतसर परीक्षा घेतली, सगळ्या पास केल्या आणि तिथेच सोडून आल्या.

"पण काहो, त्याले लागते काय?"

"काही नाही."

"सावली?"

"नाही."

"मंग कायले?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. लंडनच्या क्यू उद्यानात १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एक सायकड, म्हणजे सायकसच्याच गटातलं झाड, आजही कुंडीतच आहे. नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून तिथल्या कोणाला त्यात धने रगडून टाकायची बुद्धी झालेली नाही. दुसऱ्या एका जातीचं तर जंगलात एकच झाड सापडलं, १८९५ साली, तेही नर. त्याला मादी अजून मिळालेली नाही. हे ऐकून काकू पहिल्यांदा हळहळल्या. त्यांचा पुतण्या चौतीसचा आहे, बारा एकर संत्रा आहे, आणि मुलीकडचे शेती म्हटलं की चहासुद्धा पीत नाहीत.

त्याच संत्र्यासाठी अख्खा वरूड तालुका कलम लावून चार-पाच वर्षं थांबतो, मग फळगळ पाहतो, मग व्यापाऱ्याचं तोंड पाहतो. तिथे कोणी "कायले" विचारत नाही. आणि रिकामं दिसलं की हात घालायची ही खोड कुंडीपुरती असती तर मी हसून सोडलं असतं. शेतात माझा एक शेजारी दरवर्षी नांगरताना धुऱ्यात, म्हणजे बांधात, नांगराचं एक-एक तास घुसतो. विचारलं तर म्हणतो, गवतच तर होतं. तलाठ्याकडे गेलो तर मोजणीचे पैसे भरा म्हणतात. जमीन माझी, मोजणी माझ्या खर्चाने, आणि गावात भांडकुदळ कोण, तर तेही मीच.

काकूंशी मात्र भांडता येत नाही. संध्याकाळी त्यांनी माझाच सांबार उपटून, त्याच्या सांबारवड्या करून पाठवल्या. चांगल्या झाल्या होत्या, हे जास्तच लागलं.

उरलेल्या बिया दुसऱ्या कुंडीत आहेत. तिच्यावर मी पाटी लावली आहे, 'यात झाड आहे'. आता येणारा-जाणारा थांबून पाटी वाचतो, वाकून कुंडीत बघतो, मग घरात डोकावून माझ्या बायकोला हळूच विचारतो, "मास्तरची तब्येत बरी आहे ना?"