तांदळाच्या डब्याची जबाबदारी कोणाची?

गेल्या गुरुवारी दुपारी आत्याचा फोन आला. "काढून आणलं बाई एकदाचं सगळं. आता जिवाला घोर नाही." काय आणलं? तर लॉकरमधले दागिने. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, आजीची ठुशी, सगळं एका कापडी पिशवीत, वरून मेथीची जुडी, आणि ही सत्तरीची बाई एकटी रिक्षाने घरी. का? तर व्हॉट्सॲपवर आलं होतं.

तो मेसेज मलाही आला होता, तीन ग्रुपवर. मी वाचून सोडून दिला, ही माझी चूक. तुम्हालाही आला असेलच. वर लाल गोळे, मग "रिझर्व्ह बँकेची धक्कादायक कबुली!" आणि त्याखाली ज्ञान: लॉकर फुटला तर बँकेची जबाबदारी शून्य. लॉकरची दुसरी किल्ली मॅनेजरकडे असते. पाचशे ग्रॅमच्या वरचं सोनं सरकार जप्त करणार. म्हणून आजच सोनं घरी आणा आणि चोर बघत नाहीत अशा जागी, म्हणजे तांदळाच्या डब्यात किंवा देव्हाऱ्याखाली ठेवा. दाराला भारी कुलूप आणि कॅमेरा लावा. तरीही चोरी झालीच, तर घराचा विमा आहेच. शेवटी "किमान दहा जणांना पाठवा". आत्याने अकरा जणींना पाठवला.

आधी ती "कबुली" कुठली ते बघू. २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेने उत्तर दिलं होतं की लॉकरमधल्या ऐवजाच्या भरपाईबद्दल आम्ही बँकांना काही ठरावीक आदेश दिलेला नाही. १९ सरकारी बँकांनीही हात वर केले होते. तेव्हा पेपरांत मोठे मथळे आले. म्हणजे मेसेज साफ खोटा नाही, शिळा आहे. आणि शिळ्या बातमीवर कोणी तारीख घालत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं ताजीच राहते.

त्यानंतर काय झालं ते मेसेजवाल्याला ठाऊक नाही, किंवा सांगायचं नाही. कोलकात्यात युनायटेड बँक ऑफ इंडियाने १९९४ मध्ये एका ग्राहकाचा लॉकर भाडं थकलं म्हणून फोडला होता. भाडं प्रत्यक्षात भरलेलं होतं, आणि फोडण्याआधी साधी नोटीसही नव्हती. ग्राहकाचं म्हणणं, आत सात दागिने होते. हातात आले दोन. हे प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने बँकेला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली आणि रिझर्व्ह बँकेला सांगितलं, सहा महिन्यांत लॉकरचे नियम करा. सहा महिने भरायला एक दिवस उरला असताना, १८ ऑगस्ट २०२१ ला, परिपत्रक निघालं. १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झालं.

त्यात स्वच्छ लिहिलंय: आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने केलेली लबाडी यामुळे लॉकरमधलं काही गेलं, तर "आमची काहीच जबाबदारी नाही" असं बँकेला म्हणता येणार नाही. लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट रक्कम बँकेला द्यावी लागेल. स्ट्राँगरूममध्ये कोण आलं-गेलं याचं चित्रण निदान १८० दिवस जपून ठेवायचं, आणि चोरीची तक्रार आली असेल तर पोलिसांचा तपास संपेपर्यंत. लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला एसेमेस आणि ईमेल गेलाच पाहिजे.

आता नाइलाजाने एक कबूल करते. शंभर पट ऐकायला भरघोस वाटतं, पण ते भाड्याच्या शंभर पट आहे, सोन्याच्या नव्हे. आत्याचं भाडं वर्षाला दोन हजार. शंभर पट म्हणजे दोन लाख. तेवढ्यात आजच्या भावाने तिच्या पाटल्यासुद्धा येणार नाहीत. शिवाय भूकंप, पूर, वीज पडणं अशा नैसर्गिक आपत्तीत बँक सुटते, ग्राहकाच्याच हलगर्जीने गेलं तरी सुटते. आत काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही, त्यामुळे आतल्या ऐवजाचा विमाही ती काढत नाही. लॉकरमध्ये पूर्ण किमतीची हमी नाही, हे मेसेजमधलं अर्धं खरं. पण यावरून जे अनुमान काढलंय ते बघा: बँक फक्त शंभर पट देते, म्हणून सोनं अशा जागी ठेवा जिथे देणारं कोणीच नाही!

किल्लीचं थोडक्यात. बँकेकडे असते ती मास्टर की. ती आधी फिरवावी लागते, मग तुमची, तेव्हाच दार उघडतं. तुमच्या किल्लीची जोडी बँकेकडे नसते, म्हणूनच ती हरवली की लॉकर फोडायचा आणि कुलूप बदलायचा खर्च तुमच्या माथी येतो.

पाचशे ग्रॅमवाल्या अफवेचं मूळ तर तीस वर्षांहून जुनं. प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ ला आयकर अधिकाऱ्यांना सूचना दिली होती की छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंत, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नका. म्हणजे ती सवलत आहे, मर्यादा नाही. हिशेब दाखवता येत असेल तर किती सोनं ठेवावं याला बंधन नाही, हे सरकारने १ डिसेंबर २०१६ ला पुन्हा सांगितलं. आणि छापा पडलाच तर तो घरावरही पडतो. लॉकरमधून डब्यात हलवून काय साधलं?

तर तो डबा.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याकडे गेले. ओट्याखाली स्टीलचा मोठा तांदळाचा डबा. आत्याने झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि तांदूळ झटकत जुन्या खणात बांधलेली पुरचुंडी वर काढली. मला दाखवायलाच. "आहे की नाही जागा? कोणाच्या बापाला सापडणार नाही." मग म्हणाली, शेजारच्या वहिनींनाही हेच सुचवलं, त्या डाळीच्या डब्यात ठेवणार आहेत. दोन दिवसही झाले नव्हते आणि ती गुप्त जागा मला, माझ्या आतेभावाला, सुनेला आणि वहिनींना माहीत होती. वहिनींची जागा आम्हाला.

मेसेज लिहिणाऱ्याने एवढा साधा विचार केला नाही. "चोर तांदळाच्या डब्यात बघत नाहीत" हे ज्या मेसेजमध्ये लिहिलंय, तो चोराच्या फोनवर येत नाही का? त्याच्याकडेही व्हॉट्सॲप आहे, त्यालाही आत्या आहे. आणि मेसेज नसता तरी काय? आपल्या आज्याही डब्यातच ठेवायच्या. कपाट, गादीखाली, देव्हारा, मग स्वयंपाकघरातले डबे, हा क्रम बाहेरून येणाऱ्याला शिकवावा लागत नाही. तोही अशाच घरात वाढलेला असतो. तुम्ही तांदूळ सांडू नये म्हणून हात घालून शोधता. त्याला तांदळाचं काय? तो डबा फरशीवर उपडा करतो.

आणि त्या पायी आत्याचं काय झालं ते वेगळंच. सकाळचं फिरणं बंद. भजनी मंडळात गेली नाही, कारण घर बंद ठेवायचं कसं? दुपारी डोळा लागला की दचकून उठते. बोहारीण आली तर दारातूनच परत पाठवली. जिवाला घोर नको म्हणून दागिने आणले होते, ते हे.

"भारी कुलूप लावलंय की," ती म्हणाली. कुलूप खरंच भारी होतं, वजनानेच हात खाली जाईल असं. मी कोयंडा बघितला. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढ्या चार स्क्रूंवर उभा, त्यातला एक गंजलेला आणि एक मुळात नव्हताच. पेपरातली घरफोडीची बातमी आठवा: "बंद घराचा कडीकोयंडा तोडून". कुलूप तोडत बसायची गरजच नसते. कटावणी कोयंड्यात घालून एक हिसका दिला की कुलूप शाबूत राहतं, बंदच, फक्त दाराला लटकलेलं. खर्च करायचाच तर चौकटीत खोल जाणाऱ्या लांब स्क्रूंवर, दाराच्या आत बसणाऱ्या कुलपावर, बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दारावर करा. लोखंडी कपाटाचीही तीच गत. त्याला लोक कौतुकाने तिजोरी म्हणतात, पण तो पातळ पत्रा आहे. खरी तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने आवळावी लागते, नाहीतर चोर ती उचलून नेतो आणि सावकाश फोडतो.

कॅमेरा लावा, हरकत नाही. फक्त चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. जाताना चोर तोच काखोटीला मारतो.

विम्याबद्दल मात्र सावध करते, कारण इथे लोक खरंच फसतात. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या घरासाठी जी ठरावीक "भारत गृह रक्षा" पॉलिसी देतात, ती मुख्यतः आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. तिच्यात चोरी आहे, पण कशी? अशी आपत्ती घडल्यावर सात दिवसांच्या आत, आणि त्या आपत्तीमुळे झालेली. म्हणजे घर जळालं आणि त्या गोंधळात सामान गेलं तर. तुम्ही लग्नाला गेलात आणि घर फुटलं, तर नाही. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. घरफोडीचा वेगळा विमा मिळतो, पण त्यात साधारणपणे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. कोयंडा तुटलेला हवा. दार उघडं राहिलं आणि कोणी डबा नेला, तर कंपनी हात झटकू शकते. आणि पावत्या? आजीच्या ठुशीची पावती कुठून आणणार? निदान प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, सराफाकडून वजनासह मूल्यांकन लिहून घ्या. हे लॉकरमधल्या दागिन्यांसाठीही तितकंच लागू.

सोमवारी आत्याला घेऊन बँकेत गेले, दागिन्यांशिवाय. कागद बघितल्यावर खरी भानगड कळली. लॉकरला जोडलेला मोबाइल नंबर आतोबांचा, ते जाऊन चार वर्षं झाली. त्यामुळे गुरुवारचा काय, आजवरचा एकही एसेमेस हिला आलेला नव्हता. नॉमिनी म्हणूनही आतोबाच. मेसेजने सांगायचंच तर हे सांगायला हवं होतं: नंबर तपासा, नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला चारपर्यंत नॉमिनी क्रमाने लावता येतात. आत्याने लेक पहिली लावली, मुलगा दुसरा, आणि हे त्याला सांगू नकोस म्हणाली.

नंबर बदलायला दोन दिवस गेले. बुधवारी आम्ही दोघी मिळून पुरचुंडी परत ठेवून आलो. एका तोड्याच्या नक्षीत अजून तांदळाचा दाणा अडकला होता, तो तिने नखाने काढला. संध्याकाळी मला आत्याचा व्हॉट्सॲप. बँकेचा एसेमेस आला होता, तारीख आणि वेळेसकट, लॉकर उघडल्याचा. तिने त्याचा फोटो काढून पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "हा खरा आहे का बघ गं."