मेल येत नाही? आधी सर्व्हरवरचा हात काढा

"मेल येत नाहीये, सर्व्हर रीस्टार्ट करून बघा ना." भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची मेल सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, सोमवारचा पहिला फोन हाच. आणि बरेच आयटीवाले खरंच रीस्टार्ट करतात. मग स्पॅम फिल्टर बंद करून बघतात, मग डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या वहीत, काहीतरी बदलतात. संध्याकाळपर्यंत मूळ दुखणं कुठलं आणि आपण मागे लावून घेतलेलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोणाचा मेल येत नाही? सगळ्यांचा, की एकाच पार्टीचा? सगळ्यांचाच बंद असेल तर सोपं आहे. डोमेनचं रिन्युअल चुकलंय, वेबसाइट हलवताना कुणीतरी एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ती नोंद, उडवलाय, नाहीतर डिस्क भरलीय. (रिन्युअलची सूचना त्याच डोमेनच्या आयडीवर येत असेल, तर डोमेन बंद पडल्यावर ती वाचणार कोण? जीमेलचा एखादा पत्ता देऊन ठेवा.)

एकाच पार्टीचा मेल अडतो तेव्हा खरी मजा. एका जॉबवर्कवाल्यांकडे पार्टीचे साधे मेल येत, "ड्रॉइंग पाठवलंय, बघा" हाही येई, फक्त ड्रॉइंग येत नसे. "आम्ही पाठवलंय", "आम्हाला आलं नाही", दोन्हीकडून तणातणी. फाइल आठ एमबीची. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये कुणी हात लावला नसेल तर एका मेलची मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते, म्हणजे साधारण दहा एमबी. मग आठची का अडावी? कारण फाइल मेलमधून जाते ती बेस६४ होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, आणि त्यात ती एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. आठची अकरा होते. सर्व्हरच्या मेल लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: ५५२, मेसेज साइज एक्सीड्स फिक्स्ड लिमिट. पार्टीच्या पर्चेसवाल्याला बाउन्सही, म्हणजे मेल पोचला नाही असं सांगणारा उलट मेलही, गेला होता. पानभर इंग्रजी बघून त्याने तो डिलीट केला.

तो बाउन्स मागून घ्या. त्यातला आकडा ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार, ४ ने असेल तर "आत्ता नको, नंतर ये". चारवाला मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर पडून राहतो आणि पुन्हा पुन्हा दार वाजवतो, पोस्टफिक्स असेल तर पाच दिवस. ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम चारवाला नकार देणं, याच भरवशावर चालतं. स्पॅम थांबतो हे खरं, पण ओटीपी दहा मिनिटांत मरतो आणि मेल वीस मिनिटांनी येतो. छोट्या ऑफिसात मी ते बंदच ठेवतो.

माझा खरा राग आहे तो मेल गिळणाऱ्या सेटिंगवर. एसएमटीपी हे मेल पोचवण्याचं तंत्र १९८२ सालचं. त्याच्या २००८ च्या नियमावलीत, म्हणजे आरएफसी ५३२१ मध्ये, सरळ म्हटलंय की सर्व्हरने "२५० ओके" म्हटलं की जबाबदारी त्याची. पोचवा, नाहीतर पोचला नाही म्हणून कळवा. सही करून रजिस्टर्ड पत्र घ्यायचं आणि बंबात घालायचं, हे चालत नाही. उघड घातक मेल गुपचूप फेकायची सवलत तिथेही आहे, पण आपल्याकडे "स्पॅम स्कोअर अमुकच्या वर गेला की डिलीट" अशी टिक मारून लोक मोकळे होतात. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही, मधल्यामध्ये पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, गेली. संशय आहे ना, मग दारातच ५५० देऊन नाकारा. खरा माणूस असेल तर त्याला बाउन्स मिळेल आणि तो फोन करेल. तेवढंही नको असेल तर जंकमध्ये टाका, पण ठेवा.

ब्लॅकलिस्टची, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीची, तीच गत. कुणीतरी कधीतरी कॉन्फिगमध्ये "अमुक यादीला विचार" अशी एक ओळ टाकतो आणि नोकरी सोडून जातो. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिने विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला "हो, यादीत आहे" म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी ती ओळ काढली नव्हती, त्यांचा मेल ठप्प. आजही गूगलच्या ८.८.८.८ या डीएनएस सर्व्हरमधून स्पॅमहाउस या यादीला विचारलं तर एरर कोड परत येऊ शकतो, आणि अर्धवट कॉन्फिग केलेला सर्व्हर त्यालाच होकार समजून सगळ्यांना हाकलतो.

कित्येकदा तर सर्व्हरचा संबंधच नसतो. इन्फो नावाचा एकच आयडी तीन मशीनवर पॉपने, म्हणजे मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, लावलेला, आणि अकाउंट्सच्या मशीनवर "सर्व्हरवर कॉपी ठेवा"ची टिक नाही. मॅडमचं आउटलुक सकाळी उघडलं की सगळा मेल त्यांच्याकडे, साहेबांच्या फोनवर काहीच नाही.

"मॅडम, जरा तुमच्याकडे बघता का?"

"हो सर, आलंय की. मला वाटलं साहेबांनी बघितलं असेल."

आयमॅप लावा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो, विषय संपला.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र वेगळाच. मेल गूगलवर हलवलेली, वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, ईमेल राउटिंग "लोकल"च राहिलं, तर एन्क्वायरी फॉर्मचा मेल त्या होस्टिंगच्या बाहेर पडतच नाही. होस्टिंगला वाटतं डोमेन आपलंच, ते तिथल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून देतं. बाहेरून टेस्ट मेल पाठवला तर नीट पोचतो, म्हणून सगळे म्हणतात मेल चालू आहे. एका साहेबांना तो जुना बॉक्स उघडून दाखवला. वेबसाइटवरून काहीच येत नाही म्हणून रोज सेल्सच्या पोराला बोलणी बसत होती. त्याच पोराने दुपारी बसून त्या एन्क्वायऱ्यांना फोन लावले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्या लवकर?"

तुमची वेबसाइट एकीकडे आणि मेल दुसरीकडे असेल, तर स्वतःच्याच साइटवरचा फॉर्म आज एकदा भरून बघा.