खुलासा : एरल मॉरिस, ऑस्कर आणि कैद्याची सुटका

मंडळी, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘एरल मॉरिसच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाला, म्हणून फाशीच्या कोठडीतला निरपराध माणूस सुटला.’

माणूस निरपराध होता आणि सुटला, इतकं खरं. पण अमेरिकन दिग्दर्शक मॉरिसच्या त्या माहितीपटाला, ‘द थिन ब्लू लाइन’ला (१९८८), ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं. मॉरिसला ऑस्कर मिळालं २००४ मध्ये, ‘द फॉग ऑफ वॉर’साठी, अकादमीची यादी कुणीही पाहावी. त्या माणसाची, रँडल अॅडम्सची, फाशी तर १९८० मध्येच टळून जन्मठेप झाली होती. १९८९ मध्ये टेक्ससच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला, तो खोट्या साक्षी आणि दडवलेल्या पुराव्यामुळे. निकालपत्र उपलब्ध आहे.

फिल्मचा वाटा मोठाच. मॉरिस खरं तर एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायला गेला होता, आणि तिथेच त्याला अॅडम्सचं प्रकरण सापडलं! शेवटच्या मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा बिघडला, म्हणून पडद्यावर दिसतो नुसता टेपरेकॉर्डर, आणि अॅडम्सविरुद्ध साक्ष देणारा त्याला निर्दोष म्हणताना ऐकू येतो. माझ्या मते हे ऑस्करच्या कुठल्याही बाहुलीपेक्षा मोठं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.