आजार वाढला हेही आम्हीच सिद्ध करायचं?

भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. हा आजार वाढतच जातो, हे डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं? तीन वर्षांपूर्वी दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 60 टक्के लिहिले, तेव्हा तो भिंतीला धरून चालायचा. आता दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कपही ओठांपर्यंत पोचत नाही, अर्धा चहा शर्टावर. तरी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासण्या, पुन्हा तीच रांग! केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला 80 टक्के लागतात. आणि मिळणार किती? महिन्याला 300 रुपये! त्यासाठी त्याला उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यायचं, कारण लिफ्ट बंद. वर खिडकीतून विचारणा, “टक्के वाढवून घ्यायला आलात का?” अहो, पाय गेले, आता हात चाललेत त्याचे! कुणाला हौस आलीय?